विचारा काकांना : कपाटात ठेवावी अशी मालिका

मागच्या अंकात शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती की कुठली टीव्ही मालिका तुम्हाला डिस्कवर विकत घेऊन घरात ठेवावीशी वाटते ते कळवा, आणि मला वाटलं चार पत्रं येतील, तर आली ढीगभर, वर एकाने मच्छी मार्केटमध्ये गाठून अर्धा तास चाणक्यवर लेक्चर दिलं, माझ्या हातातली सौंदाळ्याची पिशवी गळत होती तरी सोडेना. नवीन वाचकांसाठी सांगतो, माझं दापोलीत कॅसेट भाड्याने द्यायचं दुकान होतं, आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि आमचं शटर खाली आलं. दुकान गेलं पण माल घरी आला, तो अजून माळ्यावर आहे आणि त्यावरून घरात अधूनमधून बोलणी खातो. असो. प्रश्न बघू.

काका, मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो सगळं नेटवर मिळतं, आता डिस्क कशाला जमवताय. मला मात्र चारपाच मालिकांचे सेट घेऊन ठेवायचेत, गणपतीत सगळे जमतात तेव्हा लावायला. कुठल्या घेऊ आणि मुलाला काय सांगू?
एक वाचक, गुहागर

मुलाला काही सांगू नका, तो गणपतीला आला की संध्याकाळची आरती झाल्यावर मालगुडी डेज लावा आणि तुम्ही आत मोदकाचं बघायला जा. परत याल तेव्हा तो मांडी घालून बसलेला असेल.

नेटवर सगळं मिळतं हे अर्धं खरं आहे. आज असतं, उद्या हक्क संपले की गायब, आणि आपल्याकडे मुळात नेट असलं तर ना. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे किती दिवस लाइट नव्हती ते आठवायला नको, झाडं तारांवर, पत्रे शेतात, आणि लाइट आली तरी मोबाइलला रेंज यायला अजून वेळ लागला. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर रोज तासभर चार्जिंग मिळायचं, त्यात मी जुना लॅपटॉप चार्ज करायचो आणि रात्री पडवीत वाडीतली बाराचौदा माणसं त्या एवढ्याशा स्क्रीनसमोर बसायची. डिस्कला रेंज लागत नाही हो.

आता कुठल्या घ्यायच्या. माझा नियम एकच आहे, मालिका संपलेली पाहिजे. बंद पडलेली नाही म्हणत मी, संपलेली, म्हणजे करणाऱ्याला कुठे थांबायचं ते माहीत होतं अशी. आठशे भागांची सासू-सून कोण विकत घेणार आणि घेतलीच तर ठेवणार कुठे, त्यात त्यातले सहाशे भाग नुसते चेहऱ्यावर चेहरे.

तर पहिली मालगुडी. शंकर नाग यांनी ८० च्या दशकात केली, पहिल्या खेपेचे ३९ भाग, हिंदीत, आणि काही भाग इंग्रजीत पण. शंकर नाग पुढे १९९० मध्ये अपघातात गेले, वय जेमतेम पस्तीस, आणि एवढ्या वयात हे करून ठेवलं माणसाने. टायटलला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि ते एल. वैद्यनाथन यांचं ताना नाना, जे ऐकलं की आमच्या पिढीतला माणूस हातातलं काम टाकून वळतो. पण आपल्या कोकणातल्या लोकांना ती जास्त का आवडते यावर माझं एक म्हणणं आहे. शूटिंग झालं कर्नाटकात आगुंब्याला. आगुंबे म्हणजे सह्याद्रीच, पाऊस आपल्यासारखा किंवा वर दोन बोटं जास्तच, तशीच कौलं, तसेच लाकडी खांब, तसाच ओटा, तसाच चिखल तुडवत शाळेत जाणारा पोरगा. दुकानात एक आजोबा यायचे, ते ठामपणे सांगायचे की हे आमच्या आंजर्ल्याला काढलंय. मी किती वेळा सांगितलं, नाही पटलं त्यांना शेवटपर्यंत.

दुसरी ब्योमकेश बक्शी, गुप्तहेराची. बासू चटर्जींनी केलेली, १९९३ ची, मग थोड्या वर्षांनी आणखी भाग आले, सगळे मिळून ३४. रजित कपूर आणि के. के. रैना. मारामारी नाही, गाड्यांचा पाठलाग नाही, दोन माणसं चहा पीत बोलतात आणि आपण डोळे फाडून बघतो. या कथा लिहिणारे शरदिंदू बंडोपाध्याय आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं आपल्या पुण्यात राहिले, हे पुण्याच्या मुलाला सांगा, तेवढीच त्याची कॉलर ताठ होईल. पावसाळी रात्रीला याच्यासारखी दुसरी मालिका नाही. माझ्या सेटमधली तिसरी डिस्क कोणीतरी नेली ती आलीच नाही, तिचा तपास खुद्द ब्योमकेशला लागायचा नाही.

तिसरी भारत एक खोज, ५३ भाग, श्याम बेनेगल. ही गणपतीत लावू नका, दहा मिनिटांत लोक पत्ते काढतील. ही घ्यायची आणि एकट्याने बघायची, आठवड्याला एक भाग, जसा रविवारी लागायचा तसा. नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ, मागे ओम पुरींचा आवाज, आणि शिवाजी महाराजांवरच्या भागात नसीरुद्दीन शाह. शाळेतली पोरं असतील घरात तर हा सेट पाठ्यपुस्तकाच्या शेजारी ठेवा, वर नको, शेजारीच.

चौथी तमस, फाळणीवरची. गोविंद निहलानी, १९८८, सगळी मिळून जवळपास पाच तास. विकत घ्या पण सणासुदीला लावू नका, बघून झालं की जेवण जात नाही. मी दोनदाच बघितली आहे. तरी घरात पाहिजे.

पाचवी तुमची तुम्ही ठरवा. मच्छी मार्केटवाल्या भाऊंच्या आग्रहाखातर चाणक्यचं नाव इथे लिहितो, ४७ भाग, डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी, भाषा जरा जड आहे पण वेशभूषा आणि सेट बघून आजच्या पौराणिक मालिकावाल्यांना लाज वाटावी. झालं समाधान भाऊ?

काकानु, आमच्या घरात शंभरेक डीव्हीडी असत, पावसात सगळ्यांका बुरशी येता, पांढरे पांढरे ठिपके. पुसलंय तरी परत येता. काय करूचा?
देवगडची एक वाचक

बाय माझे, ह्यो प्रश्न तुझो एकटीचो नाय, आख्ख्या किनाऱ्याचो आसा. आता पुढचं साध्या मराठीत लिहितो, नाहीतर रायगडवाले ओरडतील, आणि माझं मालवणी तसंही उसनंच, आजोळचं.

आधी समजून घेऊ बुरशी बसते कशावर. डिस्क प्लास्टिकची असते, पॉलिकार्बोनेट म्हणतात, त्यावर बोटांचा तेलकटपणा, धूळ, चहाचा शिंतोडा असं काही राहिलं आणि हवा दमट असली की बुरशीला आयतं जेवण. पण खरा चोर वेगळाच आहे, तो म्हणजे खोक्यातला कागद. ते छापील कव्हर, आतली पुस्तिका, कागदी पाकीट, हे पावसाळ्यात ओल धरून बसतं आणि डिस्कला चिकटून राहतं. म्हणून मे महिन्याच्या शेवटी, आगोटीची इतर कामं करता तेव्हाच, कागद काढून वेगळ्या पिशवीत घाला. रेक्झिनच्या त्या पाकीटवाल्या पुस्तकात ठेवल्या असतील तर त्या आधी बाहेर काढा, ते पाकीट डिस्कला असं चिकटतं की काढताना डाग पडतो.

पुसायचं कसं, तर साधं स्वच्छ पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ जुनं सुती कापड, आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेघेत. गोल गोल नाही. कारण डेटा गोल फिरत लिहिलेला असतो, आडवा बारीक ओरखडा प्लेयर सांभाळून घेतो पण गोल ओरखडा त्याच रेघेवरून लांबपर्यंत गेला तर तिथे चित्र अडकतं. थिनर, रॉकेल, काच पुसायचा स्प्रे, यातलं काही नको. उन्हात पण वाळवू नका, मिरच्या आहेत का त्या, वाकतील, पंख्याखाली उभ्या ठेवा.

मग ठेवायच्या कुठे, तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उभ्या, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणेवाले घेतलेत तर ते गुलाबी झाले की ओल पिऊन भरले असं समजायचं, मंद आचेवर तव्यात गरम केले की परत निळे. हा तवा पोळ्यांचा नको, जुना काढा. तांदूळ भाजून पुरचुंडी ठेवतात काही जण, थोडा उपयोग होतो, पण मग डब्यात मुंग्या. डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत, प्लास्टिकशी त्यांचं जमत नाही.

आणि एक राहिलं, बुरशी प्लेयरच्या लेन्सवर पण बसते. डिस्क चकचकीत असूनही नो डिस्क असं येतं ते त्यामुळे. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी प्लेयर तासभर चालवा, आतून गरम झाला की ओल निघते. मालिका बघायला याच्यापेक्षा चांगलं कारण कुठलं पाहिजे.

माझ्या मेहुण्यांनी अमेरिकेतून फ्रेंड्सचा पूर्ण सेट आणला. आमच्या प्लेयरवर लावला तर रिजन चुकीचा असं काहीतरी दाखवतो. मेहुणे म्हणतात प्लेयर भंगार आहे, मी म्हणतो सेट नकली आहे. कोण बरोबर?
सावंतवाडी

दोघेही चूक, आता घरात शांतता ठेवा. डीव्हीडीला देशांप्रमाणे नंबर असतात, अमेरिका १, युरोप नि जपान २, आपला भारत ५. कंपन्यांनी मुद्दाम केलेली भिंत आहे ती, जेणेकरून एका देशात स्वस्त विकलेलं दुसऱ्या देशात लावता येऊ नये. तुमचा सेट १ चा, प्लेयर ५ चा, त्यामुळे एकमेकांची तोंडं बघत नाहीत. उपाय म्हणजे सगळे रिजन चालणारा प्लेयर, बरेच साधे स्वस्त प्लेयर तसेच असतात, महागडेच जास्त नखरे करतात. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर पण लागेल पण तिथे रिजन बदलायला पाचच वेळा मिळतात, पाचवा बदल केला की तिथेच कायमचं कुलूप, तेव्हा पोरांना हात लावू देऊ नका.

दुसरी भानगड म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, अमेरिकेतली डिस्क एनटीएससी असते आणि आपली पाल, पण आपल्याकडचे प्लेयर आणि टीव्ही बहुतेक दोन्ही घेतात, तिकडे काळजी नको.

फ्रेंड्सचे दहा सीझन, २३६ भाग, म्हणजे मेहुण्यांनी बॅगेतली बरीच जागा तुमच्यासाठी खर्च केली, चॉकलेटं कमी आली असतील. माझ्या नियमात ती बसते, १९९४ ला सुरू झाली, २००४ ला नीट निरोप घेऊन संपली. माझ्यापुरतं विचाराल तर इंग्रजीतली मला ठेवावीशी वाटते ती फॉल्टी टॉवर्स. फक्त १२ भाग. सहा १९७५ ला आणि सहा १९७९ ला, मधे चार वर्षं गेली, आणि नंतर कोणी कितीही म्हटलं तरी तेरावा काढला नाही. एका हॉटेलवाल्याची गोष्ट आहे जो गिऱ्हाइकांवरच खेकसतो. इकडे किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत घरोघरी होमस्टे निघालेत, त्या सगळ्यांना ही दाखवली पाहिजे, काय करू नये ते बारा भागांत कळतं. आणि जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स, ४१ भाग, तो मिळाला तर मेहुण्यांना पुढच्या खेपेला सांगाच.

२०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. वडिलांच्या डीव्हीडींचं खोकं चिखलात गेलं, ते तसंच पोत्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. वडील आता नाहीत. परवा पोतं उघडलं. यातलं काही वाचेल का?
चिपळूण

वाचेल. सगळं नाही, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त.

२२ जुलैचं ते पाणी आम्ही दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बघितलं आणि नंतर मदतीला गेलो तेव्हा बाजारपेठेत घोट्याएवढा चिखल होता, वाशिष्ठीचा तो बारीक गाळ, वाळला की सिमेंट. म्हणून पहिली गोष्ट, सुका गाळ खरवडू नका आणि कोरड्या कपड्याने पुसू नका, त्यात वाळूचे कण असतात, सँडपेपर फिरवल्यासारखं होईल. एक मोठं घमेलं घ्या, कोमट पाणी, थोडं लिक्विड, आणि डिस्क तशाच त्यात सोडून द्या, दोनचार तास. गाळ आपोआप सुटतो. मग वाहत्या पाण्याखाली बोटांनी हलकेच, मग परत स्वच्छ पाण्यात बुडवायच्या, आणि ताटाळ्यात उभ्या ठेवायच्या निथळत. आमच्याकडे त्या वेळी कांदे-बटाट्याच्या जाळीत ठेवल्या होत्या, काम झालं.

आता वेगळ्या करा. डीव्हीडी वाचायची शक्यता जास्त, कारण ती दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरची, आणि डेटा मधे, सँडविचसारखा. व्हीसीडीत तसं नाही, तिथे चांदीसारखा दिसणारा धातूचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, वर नुसतं लाखेसारखं पातळ कवच. लोक आयुष्यभर खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या चित्रावर पेनाने नाव लिहितात, पण व्हीसीडी मरते ती वरूनच. तेव्हा व्हीसीडीची वरची बाजू अजिबात चोळू नका, पापुद्रा सुटलेला दिसला तर ती गेली. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क, खालून जांभळट निळ्या दिसतात त्या, त्यात रंगद्रव्यावर लिहिलेलं असतं, त्या सगळ्यात नाजूक, पण वडिलांनी घरचं काही रेकॉर्ड केलेलं असेल तर ते त्यातच असणार, म्हणून त्या आधी धुवा. लागल्या तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, उद्यावर टाकू नका.

धुवून झाल्यावर एकेक डिस्क बल्बसमोर धरा. त्या चंदेरी थरात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर थर खाल्ला गेलाय. एकदोन भोकं असली तरी लावून बघा, कधीकधी चालते. कव्हरं मात्र गेली असतील. खोकी फेकून द्या, पण त्याआधी कुठल्या खोक्यात कुठली डिस्क होती ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वडिलांनी ज्या क्रमाने लावल्या असतील तो क्रम पण त्यांचाच आहे.

काही अडलं तर मासिकाच्या पत्त्यावर परत लिहा, मी खोकंभर डिस्क घेऊन बसायला तयार आहे.

रामायण घ्यावं की महाभारत? दोन्ही परवडत नाही. आणि नव्या मोठ्या टीव्हीवर जुन्या मालिकांमधले सगळे जाडे का दिसतात?
एक आजी, राजापूर

आजी, दुसरं आधी सांगतो कारण सोपं आहे. जुना टीव्ही चौकोनी होता, चारास तीन, नवा लांबट, सोळास नऊ. नवा टीव्ही ते जुनं चित्र ओढून ताणून सगळा पडदा भरतो, त्यामुळे सीतामाई पण रुंद दिसतात. रिमोटवर पिक्चर साइज किंवा ॲस्पेक्ट असं काही असेल तिथे ४:३ करायला नातवाला सांगा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्यात, टीव्ही बिघडला म्हणून कुणाला बोलावू नका.

आता रामायण की महाभारत, हा वाद आमच्या दुकानाच्या फळीवर वर्षानुवर्षं चालला. रामानंद सागरांचं रामायण १९८७ च्या जानेवारीत सुरू झालं, ७८ भाग. चोप्रांचं महाभारत १९८८ च्या २ ऑक्टोबरला, ९४ भाग. रामायण लागायचं तेव्हा आमच्या वाडीत एकच टीव्ही, खळ्यात आणून ठेवायचे, पुढे उदबत्ती, आणि अँटेना धरायला एक पोरगा माडाखाली उभा. तो पोरगा मी नव्हतो, मी त्याच्यावर ओरडणारा होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत दाखवलं तेव्हाही लोक बसलेच की.

पण एकच घ्यायचं तर माझं मत महाभारताला. रामायण भक्तीने बघायचं असतं आणि ते तुम्हाला पाठ आहे. महाभारत परत बघितलं की दर वेळी वेगळ्या माणसाची बाजू पटते, एकदा कर्णाची, एकदा गांधारीची, वय वाढतं तसं तर धृतराष्ट्राची पण, आणि ती पटली की जरा घाबरायला होतं. राही मासूम रझांनी संवाद असे लिहिलेत की डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी चालतं, तुमच्या मोतीबिंदूचं लिहिलंय तुम्ही म्हणून सांगतो. आणि तो सुरुवातीचा समय, हरीश भिमानींचा आवाज. बाकी मनाने रामायणच घ्यायचं ठरवलं असेल तर खुशाल घ्या, माझं काय ऐकता.

एवढं सगळं हिंदी-इंग्रजी सांगता, मराठी मालिकांचं काय?
कणकवली

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. माझ्या दुकानात मराठीचा एक अख्खा कप्पा होता आणि तो सगळा नाटकांचा. मालिका मागायला लोक यायचे आणि मी नाटक हातात द्यायचो. मराठी मालिका डिस्कवर मला फारच कमी दिसल्या.

मला काय ठेवायला आवडलं असतं ते सांगतो. चिमणराव, मुंबई दूरदर्शनचा, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. त्याच प्रभावळकरांचे पुढे २००१ ला श्रीयुत गंगाधर टिपरे आले, म्हणजे एकाच माणसाने तरुणपणी चिमणराव आणि मग आबा, हे दोन सेट शेजारी शेजारी ठेवले तर मराठी मध्यमवर्गाची पंचवीस वर्षं एका फळीवर झाली. टिपरे आठवड्यातून एकदा यायची, हेच तिचं औषध होतं, रोज आली असती तर तिसऱ्या महिन्यात कोणाचा तरी स्मृतिभ्रंश दाखवावा लागला असता. मग स्वामी, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव, माधवराव-रमा म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांसमोर तेच दोघं. आणि सतीश राजवाडेंची असंभव, ती मात्र रात्री एकट्याने नको.

आपल्या सिंधुदुर्गात घडलेली रात्रीस खेळ चाले, तिचं काय असं तुम्ही विचारणारच, आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या भरून लोक यायचे. माझं मत, २०१६ चा पहिला सीझन ठेवण्यासारखा. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, मला त्यातल्या अण्णांशी वैर नको.

ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेयरमध्ये का चालत नाही? दिसायला तर सारखीच आहे.
इयत्ता आठवी, श्रीवर्धन

शाब्बास, असं विचारायचं. डीव्हीडी लाल लेझरने वाचतात, ब्लू-रे निळसर जांभळ्याने. निळ्याची तरंगलांबी कमी, म्हणजे टोक बारीक, म्हणून ब्लू-रेवर अक्षरं बारीक लिहिता येतात, एका थरात २५ जीबी मावतं आणि डीव्हीडीत ४.७. लाल लेझरने ब्लू-रे वाचणं म्हणजे जाड खडूने पोथीतली अक्षरं गिरवणं. उलटं मात्र चालतं, बहुतेक ब्लू-रे प्लेयरमध्ये डीव्हीडी लागते.

जत्रेत एका स्टॉलवर एकाच डीव्हीडीवर ४० भाग असलेली डिस्क ८० रुपयांना मिळाली. चित्र इतकं फुटतं की हिरो कोण आणि झाड कोण कळत नाही. फसलो का?
अलिबाग

होय. एका साध्या डीव्हीडीत बऱ्या दर्जाचं चित्र दोन तासांच्या आसपास मावतं. बावीस मिनिटांचे ४० भाग म्हणजे पावणेपंधरा तास होतात, ते कोंबायचे तर चित्र दाबून दाबून पार भुगा करायला लागतो, आंबा पेटीत दोन डझन जास्त भरले तर खालच्यांचं काय होतं तसं. वर ती चोरीची. आणि चोरीची घ्यावी लागावी असे भाव पण नव्हते हो, २००७ ला मोजर बेअर कंपनी या धंद्यात उतरली तेव्हा २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी, अस्सल. आमची भाड्याने द्यायची दुकानं बसली त्यात त्याचाही वाटा होता, भाड्यापेक्षा थोडे जास्त टाकले की मालकीची. तरी मला राग नाही, त्या वर्षी मी स्वतःच पोतंभर घेतल्या.

आता खऱ्या सेटसाठी जुनी दुकानं, बंद होणाऱ्या लायब्रऱ्या, रद्दीवाले. घेताना खोकं उघडूनच बघायचं, आतल्या डिस्क मोजायच्या आणि त्यावरचे नंबर वाचायचे, खोक्यावर एक नाव आणि आत भलत्याचीच डिस्क हे नेहमीचं.

काका, नाव छापू नका. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या दुकानातून एक डिस्क नेली होती. परत द्यायला आलो तर दुकान बंद झालेलं. ती अजून माझ्याकडे आहे, ब्योमकेशची आहे. दंड किती झाला असेल?
हर्णै

दिवसाला पाच रुपये दंड होता. अकरा वर्षांचे लीप वर्षांचे दिवस सोडून वीस हजार पंच्याहत्तर होतात, मी पाटीवर करून बघितलं.

तिसरीच आहे ना? दंड माफ. घरी आणून द्या, या रविवारीच या, दुपारचे जेवायलाच या, पापलेट मिळालं तर बघतो. फक्त आणायच्या आधी पुसू नका, तुम्ही गोल गोल पुसाल.